देवळालीच्या मास्तरांच्या संख्या

हैदराबाद येथे १९ ते २७ ऑगस्ट २०१० या काळात जगभरातील गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. झुरिच येथे १८९७ साली सुरू झालेली ही परिषद महायुद्धांचा काळ वगळता साधारणतः दर चार वर्षांनी भरते. भारताला तिचे यजमानपद मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते फील्ड्स पदके देण्यात आली. वृत्तपत्रांनी त्या पदकांची दखल घेतली आणि ते योग्यच होते. परंतु मराठी वाचकाच्या दृष्टीने त्या परिषदेतील सर्वांत जिव्हाळ्याची घटना समारोपाच्या दिवशी घडली. गणित सामान्य जनांपर्यंत पोहोचविणाऱ्या व्यक्तीस द्यावयाचा एक नवा पुरस्कार तेथे प्रथमच प्रदान झाला. दहा लाख रुपयांच्या या पुरस्काराचे पहिले मानकरी होते ब्रिटिश लेखक सायमन सिंग, आणि पुरस्काराचे नाव होते ‘लीलावती’.

लीलावती हे नाव ज्यांच्यामुळे गणिताच्या इतिहासात अमर झाले, ते भास्कराचार्य शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ साली जन्मले. ‘लीलावती’ त्यांनी ११५० च्या सुमारास लिहिली. त्यांच्या अध्ययनपरंपरेचा ठोस पुरावा असलेला शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केला, असे त्यात कोरले आहे. हा लेख विद्वज्जगतासमोर आणला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. मुंबई ही त्यांची कर्मभूमी असली, तरी ते मूळचे आपल्या पेडण्याचे.

‘लीलावती’च्या शेवटच्या प्रकरणाचे नाव ‘अंकपाश’ आहे. पाश म्हणजे जाळे. काही अंक दिले असता त्यांची जागा बदलून किती संख्या तयार होतील आणि त्या सर्वांची बेरीज किती, हा तेथील प्रश्न. ३, ९ आणि ८ हे तीन अंक घेतले तर ३९८, ३८९, ९३८, ९८३, ८३९ आणि ८९३ अशा सहा संख्या होतात आणि त्यांची बेरीज ४४४० येते. २ पासून ९ पर्यंतचे आठही अंक घेतले तर संख्या होतात ४०,३२०. त्या एकेक मांडून बेरीज करणारा माणूस म्हातारा होईल. भास्कराचार्य मात्र दोन ओळींच्या रीतीने उत्तर काढतात. अंकांच्या जागा बदलणे ही क्रिया पोरखेळासारखी दिसत असली, तरी नऊशे वर्षांपूर्वी एका थोर गणितज्ञाला ती आपल्या ग्रंथाचा शेवट करण्याच्या योग्यतेची वाटली होती, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

वाचकांनी कागद-पेन्सिल घ्यावी. हैदराबादच्या परिषदेचे वर्ष २०१०. त्यातील अंक उतरत्या क्रमाने मांडले की २१०० होतात, चढत्या क्रमाने मांडले की ००१२. मोठ्यातून लहान वजा केल्यास २०८८ उरतात. आता २०८८ वर तीच क्रिया करू. ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. पुन्हा एकदा, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणखी एकदा केले तर ७६४१ वजा १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४. येथे गाडी थांबते. दुसरे एखादे वर्ष घ्या, १९०५. त्यापासून क्रमाने ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि अखेरीस ६१७४. वाट लांबली, परंतु मुक्काम तोच. चारही अंक समान असलेल्या ११११, २२२२ यांसारख्या संख्या सोडल्या, तर कोणत्याही चार अंकी संख्येपासून आरंभ करा, सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येणारच. मध्येच ९९९ सारखी तीन अंकी वजाबाकी आली तर ती ०९९९ अशी लिहावी, एवढेच पथ्य आहे.

१९०५ हे वर्ष सहज घेतलेले नाही. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. ६१७४ चे हे वैशिष्ट्य त्यांनी १९४६ साली शोधले आणि १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडले. आज जगभर ही संख्या कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. त्यांच्या जन्मवर्षापासून निघालेली वाट नेमकी सात पायऱ्यांची, म्हणजे सर्वांत लांब निघावी, हा निव्वळ योगायोग आहे. त्यात कोणी काही वाचू नये.

असे का घडते, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर शालेय बीजगणिताच्या आवाक्यातले आहे, म्हणून थोडे थांबून पाहू. चार अंकांपैकी सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांतील फरक काढा. मधल्या दोन अंकांतील फरकही काढा. वजाबाकीचे उत्तर या दोनच फरकांवर ठरते. पहिल्या फरकाची ९९९ पट आणि दुसऱ्याची ९० पट, यांची बेरीज म्हणजे ते उत्तर. २०१० मध्ये पहिला फरक २ आणि मधल्या अंकांचा, म्हणजे १ आणि ० यांचा फरक १. म्हणून १९९८ अधिक ९०, बरोबर २०८८. याचा अर्थ असा की हजारो निरनिराळ्या संख्या पहिल्याच पायरीवर मोजक्या उत्तरांत गोळा होतात. पहिला फरक १ ते ९ यांपैकी काही असू शकतो. दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. अशा जोड्या मोजल्या तर अवघ्या ५४ भरतात. त्या ५४ जोड्या एका दुपारी हाताने तपासता येतात आणि प्रत्येक वाट ६१७४ कडे जाते हे सिद्ध होते. गूढ सरले, गंमत मात्र उरली. समाजमाध्यमांवर ६१७४ ही ‘दैवी’ किंवा ‘रहस्यमय’ संख्या म्हणून फिरत असते. ५४ जोड्यांच्या तपासणीत जे उलगडते त्याला दैवी म्हणण्याचे कारण नाही.

शिवाय हे नवल सर्वत्र सारखे नाही. तीन अंकी संख्यांना ४९५ हा असाच एक मुक्काम आहे. दोन अंकी संख्यांना मुक्कामच नाही. त्या ६३, २७, ४५, ०९, ८१ आणि पुन्हा ६३ अशा रिंगणात फिरत राहतात. पाच अंकी संख्यांनाही स्थिर जागा नाही, त्या तीनपैकी कोणत्या तरी एका रिंगणात सापडतात. सहा अंकी संख्यांना ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन मुक्काम आहेत आणि त्याखेरीज सात संख्यांचे एक रिंगण आहे. चार अंकांचे घर तेवढे असे नीटनेटके निघाले.

कापरेकरांचे शालेय शिक्षण ठाण्यात आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. तेथे विद्यार्थिदशेतच, १९२७ साली, रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांना मिळाले. १९२९ साली ते बी.एस्सी. झाले. पुढची पदवी नाही, संशोधनसंस्थेतील पद नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळाली येथे ते शाळामास्तर होते. शाळा सुटल्यावर संख्या, सुटीत संख्या, रेल्वेच्या प्रवासातही संख्या. आपले निष्कर्ष ते अनेकदा स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांतून प्रसिद्ध करीत. भारतातील व्यावसायिक गणितज्ञांपैकी अनेकांना हे काम क्षुल्लक वाटे.

हा आक्षेप दुष्टपणाचा नव्हता. त्यामागे एक गंभीर भूमिका होती आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय कापरेकरांचे मूल्यमापन करणे अप्रामाणिकपणाचे होईल. रामानुजनांना केंब्रिजला नेणारे जी. एच. हार्डी यांनी १९४० साली गणितज्ञाच्या जीवनाविषयी एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी दोन संख्यांचे उदाहरण दिले आहे. ८७१२ ही आपल्या उलट्या रूपाची, २१७८ ची, चौपट आहे. ९८०१ ही आपल्या उलट्या रूपाची, १०८९ ची, नऊपट आहे. चार अंकी संख्यांत असे गुणधर्म असणाऱ्या या दोनच. हार्डींचा अभिप्राय असा की अशा गोष्टी वर्तमानपत्रांच्या कोडी-सदरांसाठी ठीक आहेत, परंतु त्यांत गणितज्ञाला आकर्षून घेईल असे काही नाही.

कारण उघड आहे. आपण दहाच्या पटीत मोजतो ते हाताला दहा बोटे आहेत म्हणून. २९ ही मूळ संख्या आहे, ही गोष्ट आपण ती कशी लिहितो यावर अवलंबून नाही. रोमन लिपीत लिहा, संगणकाच्या शून्य-एकच्या भाषेत लिहा, २९ वस्तूंचे समान गट पडणार नाहीत ते नाहीतच. पण एखाद्या संख्येतील अंकांची बेरीज ही लेखनपद्धती बदलताच बदलते. मराठीच्या विद्यार्थ्याला हा भेद चटकन उमगेल. ‘वारा’ आणि ‘तारा’ यांचे यमक हा त्या शब्दांच्या ध्वनीचा गुण आहे, अर्थाचा नव्हे; भाषांतर करताच तो नाहीसा होतो. हार्डींच्या मते अंकांचे खेळ म्हणजे संख्यांची यमके.

आक्षेप वजनदार आहे. परंतु यमक मुळीच अर्थाला स्पर्श करीत नाही, असे कोणता कवी म्हणेल?

हार्डींच्याच ९८०१ कडे पुन्हा पाहू. ९८०१ हा ९९ चा वर्ग आहे आणि तो मधोमध तोडला तर ९८ व ०१ असे तुकडे पडतात. त्यांची बेरीज ९९. जी संख्या वर्गात दडली होती ती तुकड्यांच्या बेरजेतून परत आली. ४५ चा वर्ग २०२५. २० अधिक २५ म्हणजे ४५. (२०२५ हे वर्ष उजाडले तेव्हा हे गणित पुष्कळांच्या भ्रमणध्वनीवर येऊन गेले असेल.) ५५ चा वर्ग ३०२५, ३० अधिक २५ म्हणजे ५५. हे शेवटचे उदाहरण इंग्लंडचे कोडेकार हेन्री ड्युडनी यांनी १९१७ साली फाटलेल्या चिठ्ठीचे कोडे म्हणून दिले होते. कापरेकरांनी एका चिठ्ठीवर समाधान मानले नाही. अशा सर्व संख्यांचे कूळ शोधण्याच्या मागे ते लागले, म्हणून या संख्या आज कापरेकर संख्या म्हणून प्रसिद्ध आहेत. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ अधिक २०९ म्हणजे ७०३. चौकस वाचकाला येथे आणखी एक गोष्ट दिसेल. ४५ आणि ५५ मिळून १०० होतात; २९७ आणि ७०३ मिळून १०००. यमकांत काही तरी व्यवस्था आहे तर!

ती व्यवस्था अशी. ४५ च्या वर्गातून ४५ वजा करा, म्हणजे ४५ गुणिले ४४. उत्तर १९८०, आणि ते ९९ ची नेमकी २० पट आहे. ही वीस म्हणजेच वर्गाचा डावा तुकडा. थोडी आकडेमोड केल्यास कळते की दोन-दोन अंकांचे तुकडे पाडून हा गुण मिळण्यासाठी ती संख्या आणि तिच्या मागची संख्या यांच्या गुणाकाराला ९९ ने निःशेष भाग गेला पाहिजे. आता ९९ म्हणजे ९ गुणिले ११. लगतच्या दोन संख्यांना सामाईक भाजक नसतो, म्हणून ९ ला एकीने आणि ११ ला दुसरीने सामावून घ्यावे लागते. ४५ ला ९ ने भाग जातो आणि ४४ ला ११ ने. ५५ ला ११ ने आणि ५४ ला ९ ने. शक्यता संपल्या! तीन अंकी तुकड्यांसाठी ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७ घ्या. २९७ ला २७ ने भाग जातो, २९६ ला ३७ ने. ७०३ ला ३७ ने, ७०२ ला २७ ने. गणितज्ञ डग्लस इआनुची यांनी २००० साली दाखविले की सर्व कापरेकर संख्यांची याद ९, ९९, ९९९, ९९९९ या संख्यांच्या भाजकांवरून तयार करता येते. म्हणजे कोड्याचे दार उघडून आत गेले की आपण अवयव आणि भाजक यांच्या, संख्या सिद्धांताच्या अगदी मधल्या घरात उभे असतो.

आणि दहा बोटांचे बंधन? तेही येथे गळून पडते. आठाच्या पटीत मोजणाऱ्या कोणा लोकांची कल्पना करा. त्यांच्या दोन अंकी तुकड्यासाठी १०० च्या जागी ६४ येतील आणि ९९ च्या जागी ६३, म्हणजे ९ गुणिले ७. आता ३६ पाहा. तिला ९ ने भाग जातो, ३५ ला ७ ने. ३६ चा वर्ग १२९६; त्यात ६४ चे २० गठ्ठे होतात आणि १६ उरतात. २० अधिक १६, बरोबर ३६. प्रत्येक मोजणीपद्धतीला आपापल्या कापरेकर संख्या असतात आणि त्यांच्यामागचा नियम एकच आहे. जाता जाता, ज्या ९८०१ ला हार्डींनी कोडी-सदरात धाडले, तीच संख्या रामानुजनांनी १९१४ साली प्रसिद्ध केलेल्या पाय या स्थिरांकाच्या विख्यात सूत्रात छेदस्थानी बसलेली आहे. तेथे ती वेगळ्या कारणाने आली आहे हे खरे. तरी संख्यांची अशी प्रतवारी लावताना जपून राहावे हे बरे.

कापरेकरांचा सर्वांत सुंदर विचार, माझ्या मते, ६१७४ नव्हे. तो आहे स्वयंभू संख्यांचा. एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४. २४ मध्ये ६ मिळवले की ३०. मग ३३, ३९, ५१, ५७ अशी मालिका पुढे जाते. येथे २१ ही २४ ची जनक. आता प्रश्न असा की प्रत्येक संख्येला जनक असतो काय? २० पाहा. १९ पर्यंतची कोणतीही संख्या घेऊन ही क्रिया करा, २० येत नाही. २० पासून पुढे तर उत्तर २० पेक्षा मोठेच. म्हणजे २० ला जनक नाही. ती स्वतःच उगवली. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ या शंभराच्या आतील स्वयंभू संख्या. आपल्याकडे देवस्थानांच्या संदर्भात ज्या शब्दाची सवय आहे, तो संख्येला इतका चपखल बसावा, हे नावे ठेवणाऱ्याचे भाषिक कौशल्य.

काही संख्यांना उलट दोन जनक असतात. १०१ ही ९१ पासूनही निघते आणि १०० पासूनही. अशा संख्यांना कापरेकरांनी जंक्शन म्हटले. रेल्वे त्यांच्या गणितात वारंवार डोकावते. डेम्लो संख्या हा त्यांचा आणखी एक प्रकार. १७७६ मध्ये पहिला अंक १ आणि शेवटचा ६ यांची बेरीज ७, आणि मध्ये सात-सात. १२१, १२३२१, १२३४३२१ हे ११, १११, ११११ यांचे वर्ग म्हणजे त्यांतील विशेष देखणे कुटुंब. हे नाव पडले ते मुंबईबाहेरच्या, आज आपण डोंबिवली म्हणतो त्या स्थानकावरून, कारण कल्पना सुचली ती तेथे. स्वयंभू संख्यांना कापरेकरांनी आपल्या गावावरून देवळाली संख्या असेही नाव दिले होते. कोलंबियातील एका गणितप्रेमीने १९७० च्या दशकात त्यांच्याविषयी प्रश्न विचारल्यामुळे काही ग्रंथांत त्यांना कोलंबियन संख्या म्हणतात. आपण देवळालीच म्हणावे. अशा संख्या अनंत आहेत हे कापरेकरांना ठाऊक होते. संख्यारेषेवर त्या सतत ठरावीक प्रमाणात, साधारण दहांत एक, भेटत राहतात. हे प्रमाण पुढेही शून्यावर येत नाही, हे सिद्ध करण्याचे काम इटलीचे उंबेर्तो झानियर यांनी १९८२ साली केले. झानियर हे संख्या सिद्धांतातील पहिल्या फळीचे नाव आहे.

आता हर्षद. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी. १८ ला ९ ने, २१ ला ३ ने भाग जातो; सोपे आहे. हैदराबादच्या परिषदेत पाहुण्यांसाठी लंडनच्या काँप्लिसिते या नाट्यसंस्थेचे रामानुजन आणि हार्डी यांच्यावरील नाटक सादर झाले होते. त्या दोघांच्या मैत्रीशी १७२९ ही संख्या कायमची जोडली गेली आहे. आजारी रामानुजनांना भेटायला गेलेल्या हार्डींनी आपल्या टॅक्सीचा हा क्रमांक नीरस असल्याचे म्हटले आणि रामानुजनांनी सांगितले की दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे. १ आणि १२ यांचे घन, किंवा ९ आणि १० यांचे. हे सर्वश्रुत आहे. पण देवळालीच्या मास्तरांनी तीच टॅक्सी पाहिली असती तर? १, ७, २, ९ यांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. हर्षद संख्या! शिवाय १९ आणि ९१ ही एकमेकांची उलटी रूपे. एकाच संख्येकडे पाहण्याच्या या दोन नजरा आहेत. रामानुजनांची नजर अधिक खोल जाते, हे मान्य करण्यात कापरेकरांचा अवमान नाही.

परंतु हर्षद संख्याही पुढे उथळ राहिल्या नाहीत. १ ते १० या दहाही संख्या हर्षद आहेत. ११०, १११, ११२ या लागोपाठच्या तीन. अशी सलग रांग किती लांब असू शकेल? कर्टिस कूपर आणि रॉबर्ट केनेडी या अमेरिकी गणितज्ञांनी १९९३ साली सिद्ध केले की लागोपाठ २१ हर्षद संख्या कधीच येत नाहीत. वीस येतात. मात्र त्यासाठी त्यांनी ज्या संख्या दाखविल्या, त्यांतील प्रत्येकीत ४४ अब्जांहून अधिक अंक आहेत. जो प्रश्न इयत्ता पाचवीच्या मुलाला समजतो, त्याचे उत्तर एवढ्या लांब जाऊन बसलेले असते, आणि संख्या सिद्धांताची सारी ओढ या अंतरात आहे.

ही ओढ थोरांनाही चकवते. गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी, कापरेकर पदवी घेऊन बाहेर पडल्यानंतर काही वर्षांनी, त्याच फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. भूमिती आणि संख्याशास्त्रातील त्यांच्या कामाचे मोल जगाने मानले आहे. उत्तरायुष्यात मात्र मूळ संख्यांच्या वाटपाविषयीचे रीमान अनुमान संभाव्यतेच्या मार्गाने सोडविण्याच्या मागे ते लागले आणि तो युक्तिवाद गणितज्ञांनी स्वीकारला नाही. ते अनुमान आजही असिद्ध आहे.

एका पाठोपाठ येणाऱ्या अशा संख्यांच्या मालिकेला शालेय पाठ्यपुस्तकांत क्रमिका म्हणतात. मराठीच्या विद्यार्थ्याची क्रमिकेशी ओळख गणिताच्या तासाआधी छंदःशास्त्राच्या तासाला व्हायला हवी, असे माझे जुने मत आहे. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. तीन मात्रा किती प्रकारे भरता येतील? तीन लघू; लघू-गुरू; गुरू-लघू; एकूण तीन. चार मात्रा पाच प्रकारे, पाच मात्रा आठ प्रकारे, सहा मात्रा तेरा प्रकारे. शेवटी लघू असेल तर आधी एक मात्रा कमी, गुरू असेल तर दोन कमी. म्हणून प्रत्येक पद हे मागच्या दोन पदांची बेरीज. पाश्चात्त्य जग ज्या क्रमिकेला १२०२ साली ग्रंथ लिहिणाऱ्या फिबोनाचीचे नाव देते, ती विरहांकाला कित्येक शतके आधी आणि हेमचंद्राला ११५० च्या सुमारास ठाऊक होती, आणि ती सशांच्या वंशवाढीतून नव्हे तर कवितेतून आली होती. आपल्या पादाकुलकाच्या चरणात सोळा मात्रा असतात. निव्वळ सोळा मात्रा भरायच्या तर १५९७ प्रकार. आठव्या मात्रेवर तोडायचे म्हटले तर ३४ चा वर्ग, म्हणजे ११५६. कवीला एवढी मोकळीक असते, आणि तरी आमच्याकडे प्रकाशनासाठी येणाऱ्या कवितांत मात्रा चुकतात, हा निराळा विषय.

नारायण पंडित यांच्या १३५६ च्या ‘गणितकौमुदी’त गाईंची क्रमिका आहे. गाय दरवर्षी एक कालवड देते आणि कालवड चौथ्या वर्षापासून विते. वीस वर्षांनी कळप किती? १, २, ३, ४, ६, ९, १३, १९ असे करीत उत्तर येते २७४५. येथे प्रत्येक पदात मागचे पद आणि तीन पदांपूर्वीचे पद मिळवावे लागते.

अशा क्रमिकांची नोंद ठेवण्याचे काम नील स्लोन या गणितज्ञाने १९६४ साली विद्यार्थी असताना सुरू केले. आज त्यांचा कोश महाजालावर सर्वांना खुला आहे आणि त्यात साडेतीन लाखांहून अधिक क्रमिका आहेत. संशोधकाला आपल्या कामात काही संख्या अवचित आढळल्या की तो त्या कोशात टाकून पाहतो. कधी कधी कळते की भलत्याच शाखेत कोणी तरी त्याच संख्या आधी पाहिल्या आहेत. त्या कोशात ४५ क्रमांकावर हेमचंद्राची क्रमिका आहे, ९३० वर नारायण पंडितांच्या गाई, २४७७ वर डेम्लो, ३०५२ वर स्वयंभू, ५३४९ वर हर्षद आणि ६८८६ वर कापरेकर संख्या.

कापरेकर १९६२ साली निवृत्त झाले. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून ते मुलांच्या शिकवण्या घेत. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्या संख्यांविषयी लिहिले आणि वयाच्या सत्तराव्या वर्षी देवळालीचे मास्तर जगाला माहीत झाले. १९८६ साली त्यांचे निधन झाले. १९८६ मध्ये १, ९, ८ आणि ६ यांची बेरीज मिळवली की २०१० येतात, म्हणजे ज्या वर्षी हैदराबादला लीलावती पुरस्कार सुरू झाला ते वर्ष. २००४ मध्ये ६ मिळवले तरी २०१० च येतात. कापरेकरांच्या भाषेत ते जंक्शन आहे.